नमाज तोडून धावायचे; पण धावून करायचे काय?

सर्व स्तुती सकल विश्वाचा पालनकर्ता अल्लाहसाठी आहे. दरूद आणि सलाम असो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि सर्व सहाबांवर.



आज आरंभ एका कबुलीने करतो. ती मिंबरवरून करताना मला संकोच वाटला होता. लिहितानाही वाटतो आहे. परंतु ज्या विषयावर बोलायचे आहे तो या कबुलीवाचून सांगणे म्हणजे आपली चूक झाकून लोकांना शहाणपण शिकवणे होईल.

पुरुषोत्तमनगर हे गाव सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेले आहे. गळीत हंगाम सुरू झाला की उसाने लादलेले ट्रॅक्टर दिवसरात्र रस्त्यावर असतात. काही वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, फज्रची जमात नुकतीच संपली होती आणि बाहेर दाट धुके होते. रस्त्याच्या वळणावर उसाची ट्रॉली उलटल्याचा आवाज आला. आम्ही सातआठ जण धावलो. सातपुड्यातल्या पाड्यावरून ऊसतोडीला आलेला एक तरुण उसाच्या मोळ्यांखाली सापडला होता. मोळ्या बाजूला सारल्या, तो जिवंत दिसला आणि आमच्या तोंडून अल्हम्दुलिल्लाह निघाले. मग दोघांनी त्याला काखेत धरले, एकाने कमरेला हात घातला आणि त्याचे पाय मी धरले. तो त्याच्या पावरी बोलीत काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होता. ते वेदनेने ओरडणे आहे असे समजून आम्ही त्याला धीर देत राहिलो, एका पिकअप गाडीत मागे बसवले आणि शहाद्याकडे निघालो.

रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : याला कोणी उचलले आणि कसे उचलले? आम्ही सांगितले. ते आम्हाला काहीही बोलले नाहीत. पुढे त्या तरुणाच्या भावाकडून कळले की आपल्याला पाय जाणवत नाहीत, असे तो सांगत होता. हे त्याने आम्ही उचलण्याआधी सांगितले की उचलल्यानंतर, ते आम्हा सातआठ जणांपैकी कोणालाही आठवत नाही. त्याचा कणा ट्रॉलीखाली मोडला की आमच्या हातांत, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. तो आज जिवंत आहे, परंतु त्याला चालता येत नाही.

आमची नियत वाईट होती काय? अल्लाह साक्षी आहे, नव्हती. कर्मांचा आधार नियतीवर आहे ही हदीस आपण सारे लहानपणीच पाठ करतो, आणि त्या रात्री मी स्वतःला तीच हदीस सांगून समजावू लागलो. परंतु तिच्या पाठोपाठ मला दुसरी एक हदीस आठवली आणि झोप उडाली.

ती हदीस हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून सुनन अबू दाऊदमध्ये आली आहे. काही सहाबा प्रवासात होते. त्यांच्यापैकी एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याच्यावर गुस्ल वाजिब झाले. त्याने सोबत्यांना विचारले की, माझ्या या स्थितीत मला तयम्मुमची सवलत आहे काय? त्यांनी सांगितले की, पाणी उपलब्ध आहे, म्हणून सवलत नाही. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. ही वार्ता प्रेषितांपर्यंत (स.) पोहोचली तेव्हा ते म्हणाले की, या लोकांनी त्याला मारून टाकले. जे ठाऊक नव्हते ते त्यांनी विचारले का नाही, असे त्यांनी खेदाने म्हटले. अज्ञानाचा इलाज विचारण्यात आहे, असेही सांगितले.

विचार करा, हे उत्तर देणारे लोक कोण होते? ते सहाबा होते. त्यांच्या नियतीवर संशय घेण्याची आपली पात्रता नाही. त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे त्या माणसाच्या दीनचे भलेच पाहिले होते. तरीही प्रेषितांनी (स.) त्यांची नियत पुढे करून त्यांना मोकळे केले नाही. मरणाऱ्याचे मरण त्यांच्या अज्ञानाच्या माथी ठेवले आणि त्यासाठी अत्यंत कठोर शब्द वापरला. अबू दाऊद, नसाई आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आणखी एक हदीस आहे. जो वैद्यकी करतो परंतु वैद्यकीचा जाणता म्हणून ओळखला जात नाही, त्याच्या हातून होणाऱ्या हानीला तो जबाबदार आहे. फुकहांनी या हदीसवरून भरपाईचे नियम काढले. त्या तपशिलात आज जात नाही, आणि संकटात धावून जाणारा प्रत्येक शेजारी या हुकूमात येतो असेही मी म्हणत नाही. मला एवढेच सांगायचे आहे की, सद्हेतू हा ज्ञानाच्या जागी ठेवता येत नाही, ही गोष्ट आपल्या शरीअतने फार आधीच निश्चित केली आहे.

आता दुसरी बाजू पाहा, कारण मदतीला जाऊच नये असा निष्कर्ष यावरून कोणी काढला तर तो याहून मोठा गुन्हा ठरेल. सूरह माइदाच्या 32व्या आयतीत एका जिवाला वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे होय, असे सांगितले आहे, आणि तिथे तो जीव कोणत्या धर्माचा, कोणत्या जमातीचा हे विचारलेले नाही. हनफी फिकहच्या ग्रंथांत तर असा स्पष्ट मसला आहे की, माणूस नमाज पढत असेल आणि कोणी बुडत असेल, आगीत सापडला असेल किंवा मदतीसाठी हाक मारत असेल, आणि वाचवण्याचे सामर्थ्य असेल, तर नमाज तोडणे वाजिब आहे. नमाज मग पुन्हा पढावी. ज्या नमाजसाठी आपण सारी कामे सोडतो, ती नमाज एका अनोळखी बुडणाऱ्यासाठी सोडावी लागते.

मदरशात हा मसला आम्ही मोठ्या आवडीने शिकलो. परीक्षेत त्यावर प्रश्न आला तेव्हा सर्वांनी बरोबर उत्तर लिहिले. वर्गातल्या आम्हा मुलांपैकी कितीजणांना पोहता येते, हे मात्र आम्ही एकमेकांना कधी विचारले नाही. मला येत नव्हते. म्हणजे माझ्यासमोर कोणी बुडाले असते तर मी नमाज तोडली असती, काठावर पोहोचलो असतो आणि तिथे उभा राहून ओरडलो असतो. किंवा भावनेच्या भरात उडी मारली असती आणि एकाचे दोन जनाजे झाले असते.

वाजिब पार पाडण्यासाठी जे आवश्यक तेही वाजिब ठरते, हा उसूल विद्वानांनी सांगितला आहे. आणि जे काम समाजातल्या काहींनी केले म्हणजे सर्व मुक्त होतात, परंतु कोणीच केले नाही तर सारा समाज गुन्हेगार ठरतो, त्याला फर्ज-ए-किफाया म्हणतात. आपल्या लोकांना फर्ज-ए-किफाया म्हटले की जनाजाची नमाजच आठवते. माणूस मेल्यावर त्याला निरोप देण्याचे फर्ज आपल्या ध्यानात राहिले, मरण्याआधी त्याला वाचवण्याचे विसरले. इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’च्या इल्मच्या प्रकरणात याच गोष्टीची खंत केली आहे. वैद्यकी हे फर्ज-ए-किफाया असूनही अनेक शहरांत मुसलमान वैद्य सापडत नाही आणि सारे फिकहकडे गर्दी करतात, अशी त्यांची तक्रार होती. नऊशे वर्षे उलटून गेली तरी ती शिळी झालेली नाही.

कोणी म्हणेल, मौलाना, मौत अटळ आहे. शिवाय बुडून मरणारा आणि ढिगाऱ्याखाली दबून मरणारा शहीद आहे, अशी बुखारीची हदीस आहे. होय, आहे. ज्याच्या घरचा माणूस गेला त्याच्या जळत्या काळजासाठी ते सांत्वन आहे. काठावर उभे राहून पाहणाऱ्यांसाठी ती सूट नाही. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही तिरमिजीतली शिकवण आपण व्यापारात पाळतो. दुकानाला कुलूप न लावता तवक्कुल करणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. नंदुरबार जिल्ह्याला वरच्या अंगाला नर्मदा आहे, मधून तापी वाहते, शहाद्याजवळून गोमाई जाते आणि प्रकाशाला तापीला मिळते. हतनूरचे दरवाजे उघडले की सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजचेही दरवाजे उघडावे लागतात आणि नदीकाठच्या गावांना इशारा जातो. हेच पाणी पुढे उकाईत जाते. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईच्या विसर्गाने सुरत बुडाले तेव्हा आपल्यापैकी कितीतरी घरांचे नातलग तिथे माळ्यावर आणि गच्चीवर अडकले होते. ऑगस्ट 2018 मध्ये रंगावलीने नवापुरात हाहाकार माजवला. 2019 च्या मकरसंक्रांतीला धडगाव तालुक्यात नर्मदेत माणसांनी भरलेली नाव उलटली आणि सणाच्या दिवशी पाड्यांवर प्रेते आली.

अशा वेळी सरकारी पथके येतात, आणि त्यांचे काम मोलाचे आहे. परंतु राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याला आहे. राज्य दलाची तुकडी धुळ्याला आहे. तीही सर्व काही सुरळीत असले तरी शहाद्यापर्यंत यायला दीडदोन तास घेणार. बुडणाऱ्याकडे चारपाच मिनिटे असतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीची दगडमातीची घरे कोसळली तेव्हा पहिला दगड उचलला तो वाचलेल्या शेजाऱ्यानेच. 24 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी महाडची तारिक गार्डन इमारत पडून 16 जण मृत्युमुखी पडले. तिथे पथके पुण्याहून घाट उतरून पोहोचेपर्यंत ढिगाऱ्यावर होती ती महाडचीच माणसे. पहिला तास नेहमी शेजाऱ्याचा असतो.

आणि शेजाऱ्याला काम ठाऊक नसेल तर काय होते, तेही आपल्याच राज्याने पाहिले आहे. 8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावी पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. क्षमतेपेक्षा अधिक माणसे तिच्यात बसली होती. 17 जीव गेले, त्यांत स्त्रिया आणि मुले होती. ती नाव वाचवायलाच आली होती. घरात पाणी शिरलेले असताना, कडेवर मूल घेतलेल्या आईला, तू पुढच्या फेरीत ये, असे सांगणे किती कठीण असेल! ते सांगण्याची छाती केवळ दयेतून येत नाही. ती शिकवावी लागते, आणि ज्याला ती शिकवली आहे त्याचा शब्द गावाने मानावा लागतो.

म्हणून मी प्रशिक्षणाचा आग्रह धरतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ नावाची योजना आहे. 2016 मध्ये ती देशातल्या 30 पूरप्रवण जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली आणि पुढे एक लाख स्वयंसेवक घडवण्याचे उद्दिष्ट ठेवून साडेतीनशे जिल्ह्यांपर्यंत वाढवण्यात आली. बारा दिवसांचे प्रशिक्षण असते. पुरातून आणि आगीतून माणूस कसा काढावा, प्रथमोपचार कसे द्यावेत, दोरीच्या गाठी कशा माराव्यात, हे तिथे हाताने करून शिकवतात. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करावी. आपल्या मुलांनी तिथे अर्ज करावा, आपला वेगळा गट काढून वेगळे जाकीट शिवून घेण्याच्या नादी लागू नये. पूर आला की सर्वांचे पाणी एकच असते. तिथे निरनिराळ्या मंडळांचे निरनिराळे हुकूम चालू लागले की नाव उलटायला वेळ लागत नाही. नेकी आणि तकवाच्या कामात सहकार्य करा हा माइदाच्या दुसऱ्या आयतीतला आदेश इथे शब्दशः लागू आहे.

पोलिसांच्या चौकशीची भीती अनेकांना मागे ओढते. रस्त्यावरच्या जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्याला आता मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ चे संरक्षण आहे. त्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. हे आपल्या वडीलधाऱ्यांनी मुलांना सांगावे, कारण अपघात दिसला की गाडी थांबवू नकोस, अशी ताकीद बहुधा वडीलच देतात.

आमच्याकडे मोठे काही झालेले नाही. जमात लहान आहे. एका निवृत्त परिचारिका भगिनींनी रविवारी असरनंतर शिकवण्याचे मान्य केले. त्या मुसलमान नाहीत, आणि पहिल्या दिवशी आमच्या दोन बुजुर्गांना ते थोडे खटकले. मी त्यांना इमाम गजालींची तक्रार सांगितली. त्यांनी जखमीला हलवण्याचे शिकवले तेव्हा मी भिंतीला टेकून उभा होतो. आग किंवा पाणी यांसारखा दुसरा धोका जवळ नसेल तर त्याला हलवूच नये, 108 ला फोन करावा, डोके दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवावे. हलवणे भागच असेल तर डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, सर्वांनी एका माणसाच्या शब्दावर, एकाच वेळी फळीवर घ्यावे. इतके साधे होते. आमच्या मागच्या खोलीत त्या दिवशीही एक फळी होती. जनाजासाठी ठेवलेली.

बुडणाऱ्याजवळ उडी मारून जाणे हा शेवटचा उपाय आहे, हेही तिथेच शिकलो. आधी काठी, ओढणी, फांदी जे हाती लागेल ते पुढे करावे. मग दोरीला बांधलेला, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा. बुडणारा वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि चांगला पोहणाराही त्याच्यासह तळाला जातो. उसाच्या फडात साप चावला तर जखम कापू नये, आवळून बांधू नये, चावलेला भाग स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे. हे वाचून आपण शिकलो असे कृपया कोणी समजू नये. छातीवर दाब देण्याची क्रिया मी पुस्तकात तीन वेळा वाचली होती, आणि बाईंनी पुतळ्यावर करायला लावली तेव्हा पहिले दहा दाब चुकीच्या जागी दिले.

भगिनींना यातून वगळू नका. खंदकच्या युद्धात हजरत सअद बिन मुआज (रजि.) बाणाने जखमी झाले तेव्हा त्यांना रुफैदा नावाच्या महिलेच्या तंबूत ठेवले गेले, ती जखमींची शुश्रूषा करीत असे आणि तो तंबू मस्जिदे नबवीत होता. रुबय्यिअ बिन्ते मुअव्विज (रजि.) यांनी आपण युद्धात पाणी देत होतो, जखमींवर उपचार करीत होतो, असे स्वतः सांगितल्याचे बुखारीत आहे. भरदुपारी घरात आग लागते किंवा मूल हौदात पडते तेव्हा पुरुष शेतात, दुकानात किंवा कारखान्यात असतात. घरात कोण असते, याचा विचार करा आणि मग कोणाला आधी शिकवायचे ते ठरवा.

भोंग्याविषयीही बोलले पाहिजे. संकटात मशिदीचा ध्वनिक्षेपक मोठे काम करू शकतो आणि मोठे नुकसानही. धरण फुटले, अशी आवई उठली आणि ती मशिदीतून पुकारली गेली तर चेंगराचेंगरीतच माणसे मरतील. हजरत अनस (रजि.) सांगतात की एका रात्री मदीनेत मोठा आवाज झाला आणि लोक घाबरले. काही जण आवाजाच्या दिशेने निघाले, तर समोरून प्रेषित मुहम्मद (स.) परत येत होते. अबू तल्हा (रजि.) यांच्या खोगीर नसलेल्या घोड्यावर बसून ते एकटेच आधी जाऊन पाहून आले होते, आणि लोकांना सांगत होते की भिऊ नका. त्यांनी आधी पाहिले, मग सांगितले. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीतही बातमीची खातरजमा करण्याचाच आदेश आहे. आम्ही ठरवले आहे की तहसील कार्यालयाकडून किंवा 1077 या जिल्हा नियंत्रण कक्षाकडून खात्री झाल्याशिवाय भोंग्यावर काहीही पुकारायचे नाही, मग निरोप आणणारा कितीही प्रतिष्ठित असो. या घटनेत मला आणखी एक गोष्ट दिसते. बिनखोगिराच्या घोड्यावर रात्री स्वार होणे हे कौशल्य आवाज ऐकल्यावर शिकता येत नाही.

छायाचित्रांचा मोह टाळावा, हेही स्वयंसेवकांना सांगितले आहे. अन्नाचे पाकीट घेणाऱ्या हाताला कॅमेऱ्याकडे पाहायला लावणे हा त्या माणसाचा अपमान आहे आणि देणाऱ्याच्या सवाबचा नाश आहे. कोविडच्या काळात अकोल्याच्या कच्छी मेमन जमातीच्या लोकांनी ज्यांचे नातलग पुढे आले नाहीत अशा हिंदू मृतांचे अंत्यसंस्कार त्यांच्या रीतीप्रमाणे केले. ती खरी सेवा.

मृग तोंडावर आहे. वजूखान्याच्या भिंतीवर आम्ही पन्नास हात लांब दोरी आणि दोन रिकामे कॅन टांगले आहेत. मुलांनी त्यांच्याशी खेळू नये आणि कोणी शेतावर नेऊ नये, एवढी विनंती. नावे नोंदवणाऱ्यांत सध्या अकरा तरुण आणि सहा भगिनी आहेत. पोहणे शिकणाऱ्यांच्या यादीत माझे नाव आहे. चौतिसाव्या वर्षी दहा वर्षांच्या मुलांबरोबर पाण्यात उतरताना लाज वाटते. नाकात पाणी गेले की ती मुले मनमोकळी हसतात.

त्या तरुणाच्या पाड्यावर मी दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी मी क्षमा मागितली तेव्हा त्याच्या आईला मी कशाबद्दल बोलतो आहे ते कळलेच नाही. तुम्ही त्याला उसाखालून काढलेत, असे म्हणून तिने माझ्यापुढे भाकरी ठेवली. दुसऱ्या वेळी मी त्याला सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले की आता तुमच्याकडे कोणाला उचलता येते काय? मी होय म्हणालो. त्याच्यासाठी आणि त्याच्या आईसाठी दुआ करावी, ही सर्व वाचकांना विनंती आहे.